वाकणाऱ्याच्या मागं एक उभा हवा

माझा जन्म आरमोरीजवळच्या एका खेड्यातला. तेव्हा ते चंद्रपूर जिल्ह्यात होतं. 26 ऑगस्ट 1982 ला गडचिरोली वेगळा जिल्हा झाला, तेव्हा मी दहा वर्षांची होते. गावाला धानाच्या बांध्या आणि बांध्यांना लागून जंगल. माय-बाबा दोघांनीही शाळा पाहिली नव्हती. मी मात्र जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते आणि माझी मुलगी नर्स आहे. मायबापाकडून जे घेतलं, मुलीला जे दिलं आणि तिच्याकडून जे परत मिळालं, ते इथं मांडते आहे.

1. एक वाकला की दुसऱ्यानं उभं राहावं.
चैत्रात मोहफुलं पहाटे गळतात. उजाडायच्या आत माय मला उठवायची आणि टोपली घेऊन आम्ही झाडाखाली जायचो. ती वाकून वेचायची. मी वेचायला बसले की म्हणायची, "तू उभी राय. खाली नोको पाहू, झाडीकडं पाय." मला वाटायचं, लहान म्हणून मला काम देत नाही. आमच्याकडं वाघ आहे, आणि वाकून बसलेला माणूस त्याला माणसासारखा दिसत नाही, हे पुढं कळलं. वेचणाऱ्याची पाठ राखणं हेच माझं काम होतं. सात वर्षांच्या पोरीवर मायनं आपला जीव सोपवला होता. मुलांवर खरी जबाबदारी टाकावी. ती पेलताना पोर मोठं होतं.

2. झाडाखाली आग लावू नये.
मोहाखालचा पाचोळा पेटवला की जमीन मोकळी होते आणि फुलं चटकन दिसतात. पुष्कळ लोक तसं करत. अशाच आगी पुढं जंगलात पसरतात. बाबा आदल्या संध्याकाळी खराटा घेऊन जायचे आणि सगळा पाचोळा झाडून काढायचे. तासभर लागायचा. मी विचारलं, तर त्यांनी पाचोळ्यातून नुकतंच उगवलेलं मोहाचं बोटभर रोप दाखवलं. तोंडानं काही बोलले नाहीत.
मुलगी आठवीत गणितात नापास झाली, तेव्हा मी बाबांचं ते बोट विसरले. भरल्या घरात तिला नको ते बोलले. रागानं जागा लगेच मोकळी झाली, ती मुकाट्यानं अभ्यासाला बसली. पण पुढं वर्षभर तिनं मला एकही अडचण सांगितली नाही. रोप जळलं होतं. ते पुन्हा फुटायला फार दिवस लागले. आता वर्गातल्या मुलांवर राग आला की मी आधी खराटा आठवते.

3. पऱ्हं वेळेवर उपटावं.
धानाचं पऱ्हं साधारण तीन आठवड्यांचं झालं की रोवणा करावा लागतो. त्याला गादीवर जास्त दिवस राहू दिलं तर ते उंच दिसतं, हिरवंगार दिसतं, पण नंतर बांधीत त्याला फुटवे कमी येतात. सातवी झाल्यावर बाबांनी मला गडचिरोलीच्या वसतिगृहात ठेवलं. बसमध्ये मी रडत होते आणि ते खिडकीबाहेर पाहत होते. मुलीला नागपूरला सोडून परत येताना मीही वडशापर्यंत खिडकीबाहेरच पाहत होते. बाबांना तेव्हा काय दिसत होतं, ते त्या दिवशी मला कळलं.

4. मुलांना सांगायचं ते आधी आपण जगावं.
बाबा आमटे 1970 च्या सुमारास आपल्या मुलांना भामरागडच्या जंगलात घेऊन गेले होते. तिथल्या माडियांचे हाल मुलांनी डोळ्यांनी पाहिले आणि धाकट्या प्रकाशनं इथं काम करायचं ठरवलं. 23 डिसेंबर 1973 ला हेमलकशात लोकबिरादरी प्रकल्प सुरू झाला. डॉ. प्रकाश आणि डॉ. मंदाकिनी यांनी विजेशिवाय, झोपडीत राहून रुग्ण तपासले. मला सगळ्यांत मोलाचं वाटतं ते पुढचं. त्यांची मुलं दिगंत आणि अनिकेत त्याच प्रकल्पाच्या शाळेत माडिया मुलांसोबत शिकली, आणि पुढं तिथल्याच कामात उतरली.
हे वाचलं तेव्हा माझी मुलगी पाच वर्षांची होती. मी दुसऱ्यांच्या मुलांना शिकवत होते आणि माझी मुलगी शहरातल्या शाळेत घालायची, असं चाललं होतं. मी तिला माझ्याच शाळेत घातलं. त्या वर्षापासून मी जास्त नेटानं शिकवू लागले, हेही सांगितलं पाहिजे.

5. घरात बहुमत चालवू नये.
धानोरा तालुक्यातल्या मेंढा (लेखा) गावाला 2009 मध्ये सुमारे 1,800 हेक्टर जंगलावर सामूहिक वनहक्क मिळाला आणि 2011 मध्ये आपला बांबू विकण्यासाठी वाहतुकीचे परवाने ग्रामसभेच्या हाती आले. या यशामागं गावाची एक जुनी शिस्त आहे. निर्णय सर्वसहमतीनं होतो. एकाचंही मन मानत नसेल तर गाव थांबतं आणि पुन्हा बोलतं.
बारावीनंतर मुलीनं डी.एड. करावं असं आम्हा नवराबायकोला वाटत होतं, तिला नर्सिंगला जायचं होतं. दोनास एक. पण मी मेंढ्याची गोष्ट काढली आणि आम्ही थांबलो. तीन आठवडे रोज जेवताना बोललो. रात्रपाळीची भीती तिच्या बाबांनी मोकळेपणानं सांगितली, तिनंही तिची कारणं सांगितली. शेवटी फॉर्म भरला तो तिघांनी मिळून.

6. लेकराकडून शिकताना मान खाली जात नाही.
गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेनं 39 गावांतल्या साध्या बायांना घरोघरी नवजात बाळांची काळजी घ्यायला शिकवलं. बाळ उबदार ठेवणं, पहिल्यापासून आईचं दूध पाजणं, जंतुसंसर्ग वेळीच ओळखून औषध देणं. नवजात बाळांचे मृत्यू निम्म्याहून जास्त घटले. 1999 मध्ये 'लॅन्सेट'नं ते छापलं आणि जगानं वाचलं.
माझ्या भाचसुनेचं बाळ घरी आलं तेव्हा मायनं न्हाणीत पाणी तापवलं होतं. पहिली आंघोळ पणजीनंच घालायची, ही तिची रीत. बाळ वजनानं कमी होतं. माझी मुलगी म्हणाली, "आजी, थोडे दिवस थांब. आधी त्याला आईच्या छातीशी राहू दे." घर गप्प झालं. माय क्षणभर तिच्याकडं पाहत राहिली. मग चुलीतलं लाकूड बाहेर ओढून म्हणाली, "तुले ठाऊक हाय, तू सांग." मायच्या शहाणपणावर माझा विश्वास होताच. त्या दिवशी तो दुप्पट झाला.

7. वाकता आलं नाही तरी उभं राहता येतं.
बाबा आता नाहीत. मायच्या गुडघ्यांनी जवाब दिला आहे. गेल्या चैत्रात मुलगी सुट्टीवर आली होती, म्हणून आम्ही दोघी त्याच मोहाखाली गेलो. माय काठी टेकत मागून आली. "तू कशाला आलीस?" म्हणून मी ओरडले. ती धापा टाकत म्हणाली, "वाकता येत नाई मले. उभं त रायता येते."
आम्ही मायलेकी वाकून वेचत होतो. आमच्या मागं काठीवर भार देऊन माय झाडीकडं पाहत उभी होती.