शत्रूचे मानवीकरण आणि वधाचे दायित्व : दूरचित्रवाणीवरील विज्ञानकथेच्या संदर्भात

युद्धकथेत शत्रूचे चित्रण जितके अस्पष्ट, तितका त्याचा वध प्रेक्षकाला सुसह्य होतो, हे निरीक्षण नवे नाही. विज्ञानकथेला तर ही सोय आयतीच उपलब्ध असते. कारण तिचा शत्रू यंत्र, कीटक किंवा परग्रहवासी असू शकतो. परंतु अमेरिकी दूरचित्रवाणीवरील काही विज्ञानकथा-मालिकांनी ही सोय हेतुपुरस्सर नाकारली. शत्रूला नाव, स्वभाव आणि दुःख देऊन मग त्याच्या वधाचा प्रश्न त्यांनी उभा केला. अशा मानवीकरणाने वध निषिद्ध ठरतो, की केवळ अवघड होतो, याचा विचार तीन भागांच्या आधारे येथे करावयाचा आहे. (मानवीकरण ही संज्ञा येथे चेतनगुणोक्ती या अलंकाराच्या अर्थाने योजिलेली नाही, हे विद्यार्थ्यांनी ध्यानात घ्यावे.)

प्रत्यक्ष युद्धानुभवातही हा प्रश्न आढळतो. स्पेनच्या यादवी युद्धात दोन्ही हातांनी विजार सावरीत धावणाऱ्या शत्रुसैनिकावर जॉर्ज ऑर्वेलला गोळी झाडवली नाही. मायकेल वॉल्झर याने ‘जस्ट अँड अनजस्ट वॉर्स’ (१९७७) या ग्रंथात अशा प्रसंगांची चर्चा केली आहे. अशा सैनिकाला मारणे युद्धनियमांच्या विरुद्ध नाही, हे तो मान्य करतो. तरीही बंदूक खाली ठेवणाऱ्याला जे क्षणभर दिसले ते खोटे नव्हते, असेही त्याच्या विवेचनातून सूचित होते. नियम आणि दर्शन यांतील हे अंतरच पुढील विवेचनाचा आधार आहे.

‘स्टार ट्रेक : द नेक्स्ट जनरेशन’ या मालिकेतील ‘आय, बोर्ग’ (१९९२) हा भाग सर्वाधिक परिचित आहे. बोर्ग ही व्यक्तित्व पुसून टाकणारी सामूहिक यंत्रमानव-जात. कॅप्टन पिकार्ड स्वतः पूर्वी तिच्या तावडीत सापडलेला आहे. एक जखमी तरुण बोर्ग हाती लागतो, तेव्हा त्याच्यामार्फत संपूर्ण जातीचा नाश घडविणारी संगणकीय रचना परत पाठविण्याचा बेत आखला जातो. डॉक्टर क्रशर प्रथमपासूनच या वंशसंहाराला विरोध करते. तो विरोध तत्त्वतः पूर्ण असूनही कथेत निष्प्रभ ठरतो. बेत मोडतो तो त्या तरुणाला ‘ह्यू’ हे नाव मिळाल्यावर आणि त्याने ‘आम्ही’ऐवजी ‘मी’ म्हटल्यावर. भाग हृद्य आहे. पण येथेच त्याची मर्यादाही आहे. ह्यूला अभय लाभते ते तो आपल्यासारखा झाला म्हणून. ज्याने कधीच ‘मी’ म्हटले नसते त्याचे काय, हा प्रश्न कथा टाळते. पुढे ‘डिसेंट’ (१९९३) या भागात वरिष्ठ अधिकारी पिकार्डला या निर्णयाबद्दल धारेवर धरते, तेव्हा निदान त्या दयेची किंमत तरी मालिकेने नोंदविली, असे म्हणावे लागते.

हाच कथाबंध ‘बॅटलस्टार गॅलॅक्टिका’ मालिकेतील ‘अ मेझर ऑफ सॅल्व्हेशन’ (२००६) या भागात उलटा होऊन येतो. मनुष्यजातीचा जवळजवळ उच्छेद करणाऱ्या सायलॉनांपैकी काही रोगग्रस्त होऊन कैदी झाले आहेत. सायलॉन मेल्यावर नव्या देहात पुन्हा जन्मतो. तेव्हा पुनर्जन्माच्या यानाजवळ नेऊन या कैद्यांना मारावे आणि रोग सर्व जातीत पसरवावा, अशी योजना ठरते. हीलो हा अधिकारी, ज्याची पत्नी सायलॉन आहे, यान टप्प्यात येण्यापूर्वीच कैद्यांच्या कोठडीतील हवा काढून घेतो. वंश वाचतो, कैदी मरतात. युद्धकैद्यांचा वध १९४९ च्या जिनिव्हा करारानेही निषिद्ध आहे. पण कैदी नाहीतरी मरणारच होते, या आधारावर कथा पुढे सरकते. मालिकेने येथे घाई केली, असेच मत होते.

या दोहोंहून सरस ठरतो तो ‘डीप स्पेस नाइन’मधील ‘रॉक्स अँड शोल्स’ (१९९७) हा भाग. त्याचा लेखक रोनाल्ड मूर हाच पुढे उपर्युक्त ‘गॅलॅक्टिका’चा सूत्रधार झाला, म्हणून कालक्रम मोडून त्याचा विचार शेवटी केला आहे. एका ओसाड ग्रहावर सिस्कोची तुकडी आणि जेमहदार सैनिक दोघेही अडकलेले आहेत. जेमहदार हे आज्ञापालनासाठीच जनुकीय रीतीने घडविलेले. ‘व्हाइट’ नावाचे द्रव्य मिळाले नाही, तर ते बेभान होऊन समोर येईल त्याला मारतात. द्रव्य संपत आले आहे. त्यांचा अधिपती कीव्हन स्वतःचा जीव वाचविण्यासाठी आपल्याच सैनिकांच्या हल्ल्याचा आराखडा सिस्कोला विकतो. सिस्कोच्या सहकाऱ्यांत वाद होतो : हे युद्ध की खाटीकखाना? सिस्को शत्रुसैनिकांचा नायक रेमाटाक्लान याला विश्वासघात सांगून शरणागतीचा मार्ग खुला करतो. रेमाटाक्लानला तो विश्वासघात आधीच उमगलेला असतो; तरी तो आज्ञा मोडीत नाही.

येथे मानवीकरण पूर्ण झालेले आहे आणि तरीही वध टळत नाही. रेमाटाक्लान आपल्यासारखा होत नाही. तो त्याच्या निष्ठेत परका राहूनच आदरणीय ठरतो, आणि सिस्कोला दया करण्याची सबब मिळत नाही, तसे निर्दय होण्याचे समाधानही मिळत नाही. भरताने करुण रसाची उत्पत्ती रौद्रापासून सांगितली आहे. परदेशी दूरचित्रवाणीला रससिद्धान्त यांत्रिकपणे लावणे धोक्याचेच. पण विजय होऊनही उत्साह हा स्थायिभाव टिकत नाही आणि प्रेक्षक करुणाकडे ढकलला जातो, याचे वर्णन त्याहून नेमक्या शब्दांत करणे अवघड आहे.

नियमाचे काय होते, तेही पाहण्यासारखे आहे. शरणागताला मिळणारे संरक्षण त्याच्या योग्यतेवर अवलंबून नसते. तो शरण आला, एवढेच पुरेसे असते. त्यामुळे रेमाटाक्लान आणि त्याचे सैनिक मारले जातात, आणि त्यांना विकणारा कीव्हन, ज्याच्या जखमेवर सिस्कोच्याच डॉक्टरने उपचार केलेले आहेत, युद्धकैदी म्हणून सुरक्षित राहतो.