जोडगाडीचा विजेचा ब्रेक व त्याची तारजोडणी

कन्नडहून चाळीसगांवाकडे उतरणारा औट्रम घाट आमच्या बहुतेक वाचकांच्या परिचयाचा आहे. सन 2023 मध्यें उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठानें त्यांतून जड वाहनांस बंदी केली, हेंही सर्वांस ठाऊक आहे. परंतु जीपच्या मागें भरलेली जोडगाडी बांधून घाट उतरणाऱ्यानें ओझ्याचा हिशेब क्वचितच केलेला असतो. तो असा. उतार वीसांत एक असेल, तर 2 टन वजनाची जोडगाडी जीपला सुमारें 100 किलोच्या जोरानें पुढें लोटते. हा जोर केवळ वेग वाढूं न देण्यासाठीं रोखावा लागतो. गाडी थांबवावयाची झाल्यास आणखी शक्ति हवी, आणि वेग दुप्पट झाला कीं ती चौपट लागते. हें सारें काम एकट्या जीपच्या ब्रेकांनीं करावें, ही अपेक्षाच चुकीची होय. वळणावर ब्रेक दाबला असतां मागची गाडी आडवी फिरते, ती ह्याच कारणानें.

उपाय हा कीं जोडगाडीच्या चाकांस स्वतःचे ब्रेक असावेत. विजेच्या ब्रेकांत चाकाच्या ड्रमच्या आंत एक विद्युच्चुंबक असतो. प्रवाह मिळतांच तो ड्रमच्या फिरत्या पृष्ठास चिकटूं पाहतो, त्याबरोबर ओढला जातो, व त्यास जोडलेला दांडा ब्रेकचे जोडे फांकवितो. प्रवाह किती सोडावयाचा हें चालकापाशीं बसविलेली नियंत्रक पेटी ठरविते. कांहीं पेट्या पायटा दाबल्यापासून ठराविक काळांत जोर वाढवितात. दुसऱ्या जातीच्या पेट्या गाडीचा वेग किती झपाट्यानें कमी होतो हें ओळखून त्या मानानें जोर देतात. घाटासाठीं आम्ही दुसरी जात पसंत करतों. मात्र तींत लंबक असल्यास पेटी सरळ बसवावी लागते.

पेटीस बहुधा चार तारा असतात. काळी बॅटरीच्या धन टोंकास, पांढरी ऋण टोंकास, लाल ब्रेक-दिव्याच्या खटक्यास, व निळी मागें जोडगाडीकडे. रंग कारखान्यागणिक बदलूं शकतात, म्हणून पेटीसोबतचा कागद वाचल्यावांचून हात लावूं नये. काम सुरू करण्यापूर्वीं बॅटरीचें ऋण टोंक सोडावें. एका चुंबकास 12 व्होल्टवर सुमारें 3 अँपिअर प्रवाह लागतो. चार चाकांच्या जोडगाडीस 12. म्हणून काळ्या तारेंत बॅटरीजवळ 20 अँपिअरचा प्रवाहरोधक घालावा, आणि काळी, पांढरी व निळी ह्या तिन्ही तारा जाड घ्याव्या. बारीक तार तापते, व चुंबकापर्यंत दाब पुरता पोंचत नाहीं.

लाल तारेची जागा परीक्षादिव्यानें शोधावी, व त्यापुरती बॅटरी पुन्हां जोडावी. पायटा सोडलेला असतां दिवा विझलेला व दाबतांच लागलेला, अशी तार पाहिजे. वळणाच्या दिव्याबरोबर मिचकणारी तार निरुपयोगी. पिवळ्या आवरणांतील तारांस मात्र स्पर्शही करूं नये. त्या हवेच्या उशांच्या असतात.

कुरबुरींचें मूळ बहुधा पांढऱ्या तारेंत सांपडतें. जोडगाडीचा आंकडा लोखंडाचा आहे, तेव्हां परतीचा प्रवाह त्यांतून जाईल, असें समजून ही तार वगळणारे कारागीर आम्हीं पाहिले आहेत. गंज व वंगण ह्यांमुळें तो मार्ग केव्हां तुटेल ह्याचा नेम नाहीं. जोडगाडीपर्यंत स्वतंत्र परतीची तार न्यावीच. तारा नुसत्या पिळून वर पट्टी गुंडाळण्याची चालही सोडावी. एका पावसाळ्यांत अशा सांध्यास हिरवी बुरशी चढते.

जोडणी झाल्यावर सपाट, मोकळ्या रस्त्यावर भरल्या गाडीनिशीं ताशीं 30 ते 40 किलोमीटर वेगानें जावें, व पेटीवरील हातखटका दाबून पाहावा. मागून ठाम ओढ लागावी, पण चाकें जाम होऊन घासूं नयेत. घासल्यास जोर कमी करावा. रिकाम्या गाडीस हाच जोर फार होतो, तेव्हां ओझें बदललें कीं मांडणीही बदलावी.

जोडगाडीवर एक छोटी बॅटरी व खुंटीचा खटका असावा. आंकडा सुटल्यास दोरीनें खुंटी निघते व जोडगाडीचे ब्रेक आपोआप लागतात. ही दोरी जीपच्या सांगाड्यास बांधावी, आंकड्यास नव्हे. आंकडाच तुटला तर दोरी त्याबरोबर जाईल. वाहनांत फेरफार करण्याविषयीं मोटार वाहन कायदा, 1988, ह्याचें 52 वें कलम आहे. तेव्हां काम हातीं घेण्यापूर्वीं परिवहन कचेरींत विचारून घ्यावें.

ज्यांची ट्रॉली ट्रॅक्टरमागें चालते व तिला ब्रेकच नाहींत, त्यांनीं निदान ट्रॅक्टरचे डावा-उजवा दोन्ही पायटे रस्त्यावर येतांच कडीनें एकत्र जोडावेत, आणि उतार लागण्यापूर्वींच खालचा गिअर टाकावा. उतारावर मध्येंच गिअर बदलतांना तो न पडल्यास ट्रॅक्टर मोकळा सुटतो.