मला पक्कं आठवतंय!

॥ श्रीगुरुभ्यो नमः ॥



गेल्या महिन्यात अभ्यासवर्गात आपण ‘निंदा’ हा विषय घेतला होता. तेव्हा एका ताईंनी विचारलं, “निंदा वाईट, कबूल. पण जे घडलं तेच सांगितलं तर ती निंदा कशी? मी काही खोटं सांगत नाही. मला पक्कं आठवतंय.” प्रश्न अगदी बरोबर होता आणि माझ्याकडे उत्तर नव्हतं. मी “होय की” म्हणून चहा द्यायला उठले. पुढच्या पंधरा दिवसांत त्याचं उत्तर माझ्याच घरात सापडलं. सांगायला लाज वाटते, पण पाठ लिहायची सेवा माझ्याकडे आहे तर टाळून कसं चालेल?

ऑगस्ट २०१९ चा पाऊस आपल्या भागात कोण विसरेल? आमच्या सासूबाई तेव्हा दवाखान्यात होत्या. धाकटे दीर आणि जाऊ निपाणीला राहतात. पाच दिवस मी दवाखान्यात एकटी बसले, जाऊ आली नाही. माझ्या डोक्यात पक्कं बसलं होतं, की मी फोन करून “ये गं” म्हटलं आणि ती म्हणाली, “जमणार नाही, दुकानात माणूस नाही.” हे वाक्य मला तिच्या आवाजात ऐकू यायचं. मी जिन्यात उभी होते, भिंतीला ओल आली होती, हेसुद्धा दिसायचं. पुढच्या वर्षी सासूबाई गेल्या. मी मात्र ही गोष्ट नणंदेला सांगितली, बहिणीला सांगितली, आणि खरं सांगायचं तर केंद्रातल्या दोघीतिघींनाही सांगितली. जाऊबाईशी बोलायचे, पण लग्नकार्यात भेटल्यावर, तेही मोजकं.

परवा मुलगा माझ्या जुन्या फोनमधलं सगळं नव्या फोनवर घेत होता. “आई, जुने मेसेज ठेवू का काढू?” म्हणाला. मी बघत बसले आणि ऑगस्ट २०१९ निघाला. जाऊबाईचा मेसेज होता, “ताई, यमगर्णीला हायवेवर पाणी आलंय, गाड्या बंद आहेत. पाणी उतरलं की पहिल्या गाडीनं निघते. आईंना सांगा.” त्याखाली माझं उत्तर होतं, “नको गं, येऊ नकोस. इथं आम्ही आहोत.” पुढे हात जोडलेलं चित्र.

मग ते दुकानातलं वाक्य कुठून आलं? शोधत गेले तर तेही सापडलं, पण जुलै २०२१ मध्ये. त्या वर्षीही वेदगंगेचं पाणी यमगर्णीजवळ हायवेवर आलं होतं. तेव्हा मी तिला कुठल्याशा घरगुती कामासाठी बोलावलं होतं. सासूबाई तर तेव्हा हयातही नव्हत्या. दोन पावसाळे माझ्या डोक्यात एक झाले होते. बरं, तो फोन नव्हताच, लिहिलेला मेसेज होता. मग तो आवाज मी कुठून ऐकत होते?

बी.ए.ला मानसशास्त्र हा माझा एक विषय होता. तेव्हा पाठ करून पेपर लिहिला होता, आता पुस्तकं पुन्हा काढली. अमेरिकेतल्या एलिझाबेथ लॉफ्टस या मानसशास्त्रज्ञ बाईंनी १९७४ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. विद्यार्थ्यांना गाड्यांच्या अपघाताची छोटी फिल्म दाखवली. नंतर काहींना विचारलं, गाड्या एकमेकींना ‘धडकल्या’ तेव्हा वेग किती होता? काहींना विचारलं, गाड्या ‘आदळून चक्काचूर झाल्या’ तेव्हा वेग किती होता? प्रश्नातला एक शब्द बदलला, तर दुसऱ्या गटाने वेग जास्त सांगितला. खरी गंमत आठवड्यानंतरची. सगळ्यांना पुन्हा बोलावून विचारलं, फुटलेली काच पाहिली का? ‘चक्काचूर’ ऐकलेल्या ५० पैकी १६ जण हो म्हणाले, ‘धडकल्या’ ऐकलेल्या ५० पैकी ७ जण. फिल्ममध्ये काच फुटलेलीच नव्हती! यातलं कुणीही खोटं बोलत नव्हतं, हे लक्षात घ्या.

आठवण म्हणजे ट्रंकेत घडी घालून ठेवलेली साडी नव्हे, की केव्हाही काढली तरी तीच. आपण दर वेळी ती नव्याने जुळवतो. थोडं खरं घडलेलं, थोडं नंतर कानावर आलेलं, आणि थोडं आज मनात जे आहे ते. मधल्या फटी मन आपोआप भरून काढतं आणि भरलेलं कुठलं ते आपल्याला कळत नाही. पुढच्या वेळी आठवतो तो बहुधा मागच्या वेळी सांगितलेला किस्सा असतो. मी सहा वर्षांत ही गोष्ट किती वेळा सांगितली असेल! दर वेळी ती जास्त पक्की झाली. पक्की झाली म्हणजे खरी झाली, असं नाही.

आता कुणी म्हणेल, घरातलं ठीक आहे हो, पण मोठ्या ठिकाणी असं चालत नाही. तर पुण्याचं एक प्रकरण सांगते. २००८ साली तिथल्या सत्र न्यायालयाने एका खुनाच्या खटल्यात एका तरुणीला जन्मठेप दिली. इतर पुराव्यांबरोबर तिच्या मेंदूची एक तपासणीही धरली होती. डोक्यावर इलेक्ट्रोड लावायचे, गुन्ह्याबद्दलची “मी असं केलं, मी तिथे गेले” अशी वाक्यं ऐकवायची, आणि मेंदूतल्या विजेच्या लहरींवरून ठरवायचं की हे या माणसाने खरंच अनुभवलंय की नुसतं ऐकलंय. ही पद्धत बेंगळुरूच्या निमहान्समध्ये काम केलेल्या मानसशास्त्रज्ञ सी. आर. मुकुंदन यांनी तयार केली होती. ती तरुणी दोषी होती की नव्हती, हा आपला विषय नाही, तो न्यायालयाचा. पण जी आठवण त्या माणसाला स्वतःलाच खरी-खोटी ओळखता येत नाही, ती यंत्राने कशी ओळखायची? पुढे ५ मे २०१० रोजी ‘सेल्वी विरुद्ध कर्नाटक राज्य’ या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला, की संमतीशिवाय कुणाचीही नार्को, पॉलिग्राफ किंवा मेंदूची अशी तपासणी करता येणार नाही. आपल्याच राज्याच्या नावाचा निकाल आहे, पण आपल्याला ठाऊक नसतो.

आपल्या शास्त्रांतही याला जागा आहे. पतंजलींनी योगसूत्रांत चित्ताच्या पाच वृत्ती सांगितल्या, त्यांत प्रमाण वेगळं आणि स्मृती वेगळी. आपण मात्र स्मृतीलाच प्रमाण समजून चालतो. गीतेच्या दुसऱ्या अध्यायात क्रोधापासून संमोह, संमोहापासून स्मृतीचा भ्रम आणि त्यापासून बुद्धीचा नाश, अशी साखळी आहे. आपण ती कितीदा तरी म्हटली आहे. मला आजवर वाटायचं, स्मृतीचा भ्रम म्हणजे विसरणं. आता वाटतं, रागाने चुकीचं आठवणंही त्यातच येत असेल. हा माझा अर्थ आहे, जाणकारांनी दुरुस्त करावा.

आठवण चुकली इथवर एक वेळ ठीक. मी त्यावरून जाऊबाईचा स्वभाव ठरवला, “ती मुळात तशीच आहे” म्हणून. यावरही प्रयोग आहे, आणि तो आपल्यासारख्यांवरच केलेला आहे म्हणायला हरकत नाही. १९७३ साली डार्ली आणि बॅटसन या संशोधकांनी अमेरिकेत प्रिन्स्टन इथे धर्मशिक्षण घेणाऱ्या विद्यार्थ्यांना दुसऱ्या इमारतीत जाऊन बोलायला सांगितलं. काहींचा विषय तर वाटेत पडलेल्याला मदत करणाऱ्या माणसाची बायबलमधली गोष्ट, हाच होता. वाटेत एक माणूस कण्हत बसवून ठेवला होता. ज्यांना “उशीर झालाय, पळा” सांगितलं होतं, त्यांतले शंभरात दहा थांबले. ज्यांना सवड होती, त्यांतले शंभरात त्रेसष्ट थांबले. परोपकारावर बोलायला निघालेले म्हणून जास्त थांबले, असं दिसलं नाही. आरतीला उशीर झाला म्हणून दुसऱ्या गेटवर आपण कुणाकुणाला ओलांडून आलो, ते ज्याने त्याने आठवावं. अर्थात, नीट आठवलं तर! आपण थांबलो नाही की “अगं, घाई होती”, आणि दुसरा थांबला नाही की “माणुसकी राहिली नाही.”

एक गोष्ट मात्र बजावून सांगते. हा पाठ कुणाचं तोंड बंद करायला वापरू नका. सुनेने किंवा मुलीने सांगितलं की माझ्याशी असं वागले, तर “तुला चुकीचं आठवतंय, पाठात आलंय बघ” म्हणणं हा अन्याय होईल. बारीकसारीक तपशील, तारखा, कोण नेमकं काय बोललं, हे लवकर पुसट होतं. पण मुख्य जे सोसलं ते पुष्कळदा नीट आठवत असतं. संशय घ्यायचा तो आधी स्वतःच्या निवाड्यावर.

या आठवड्याचा स्वाध्याय. घरातल्या प्रत्येकाने २०१९ च्या पावसातल्या त्या आठवड्याची आठवण वेगळ्या कागदावर लिहावी, एकमेकांना न विचारता. मग कागद शेजारी ठेवून वाचावेत, आणि जुने फोटो किंवा मेसेज असतील तर ताडून पाहावेत. भांडण काढू नये. कागद रविवारी केंद्रात आणलेत तर बरं.

ज्या भगिनींना मी जाऊबाईबद्दल सांगितलं होतं, त्यांना इथेच सांगते. ते तसं घडलं नव्हतं. तिने यायची तयारी दाखवली होती, मीच नको म्हटलं होतं.

मंगळवारी तिला फोन केला आणि सगळं सांगितलं. ती थोडा वेळ गप्प होती. मग म्हणाली, “ताई, तुम्ही ‘येऊ नकोस’ लिहिलंत ना, मला वाटलं तुम्हाला मी तिथं नकोच आहे. म्हणून पाणी उतरल्यावरही आले नाही.” हे माझ्या कधी ध्यानातच आलं नव्हतं. रविवारी सकाळच्या बसने ती येणार आहे, तेव्हा प्रसादाच्या सेवेला माझ्याऐवजी कुणीतरी उभं राहावं, ही विनंती.