बदामाचा फुलोरा लांबविणारें जनुक

थंडीच्या प्रदेशांतील फळझाडांत बदामाइतकें उतावळें झाड क्वचितच आढळेल. स्पेनमधील ‘देस्मायो लार्गेता’ ही जुनी जात भूमध्य समुद्राच्या कांठीं जानेवारीच्या अखेरीस फुलूं लागते. त्यानंतर एखाद्या रात्रीं पारा शून्याखालीं दोन-तीन अंश उतरला, कीं वर्षाचें पीक गेलेंच. ढगाळ हवेनें काळवंडलेला आंब्याचा मोहोर ज्यांनीं पाहिला आहे, त्यांस हा तोटा समजावून सांगावयास नको. पाणी फवारून कांहीं बचाव होतो खरा, परंतु आमच्या मतें खरा उपाय जातींतच शोधला पाहिजे.

बदामाची कळी हिवाळ्यांत सुप्त असते. ठराविक तास थंडी मिळाल्यावांचून ती जागी होत नाहीं, व जागी झाल्यावर तिला उमलण्यास ऊब लागते. उशिरां फुलणाऱ्या जातींस बहुधा थंडीच अधिक लागते. ही गरज आईबापांकडून संततींत उतरते.

कॅलिफोर्नियांतील ‘नॉनपरेल’ ह्या प्रसिद्ध जातींत आपोआप पालट होऊन ‘टार्डी नॉनपरेल’ हें झाड निघालें. तें मूळ जातीच्या सुमारें 10 ते 14 दिवस मागाहून फुलतें. केस्टर ह्यांनीं त्याच्या संततीचा अभ्यास 1965 सालीं प्रसिद्ध केला. लवकर फुलणाऱ्या झाडाशीं संकर केला असतां सुमारें निम्मीं रोपें उशिराचीं व निम्मीं लवकरचीं निघतात. म्हणजे येथें एकच प्रभावी जनुक आहे. त्यास ‘एलबी’ म्हणतात. बदामाच्या गुणसूत्रांच्या आठ जोड्यांपैकीं चौथींत त्याचें स्थान आहे.

मात्र एवढ्यावर भागत नाहीं. उशिराच्या रोपांतही कोणी आठवडाभर आधीं, कोणी नंतर फुलतें. कारण लहानसहान परिणाम करणारीं इतर जनुकें अनेक आहेत. म्हणून निवड पिढ्यान्‌पिढ्या करावी लागते, आणि बीपासूनचें रोप फुलावयास तीन-चार वर्षें जातात. आतां पानाच्या तुकड्यावरून एलबीची खूण पाहून नको तीं रोपें आधींच काढतां येतात.

दुसरी अडचण परागाची. बहुतेक बदाम स्वतःचा पराग स्वीकारीत नाहींत. सोबतीची जात त्याच वेळीं फुलली पाहिजे. सर्वांच्या मागून फुलणाऱ्यास सोबती कोठून मिळावा? ह्यासाठीं फ्रान्समध्यें टार्डी नॉनपरेलचा संकर ‘तुओनो’ ह्या स्वपरागी इटालियन जातीशीं करून ‘आर 1000’ हा वाण काढला. मुर्सिया येथील संशोधकांनीं त्याच्या वंशांतून ‘तार्दोना’ ही स्वपरागी जात सिद्ध केली. ती मार्च बराच उलटल्यावर फुलते.

अशीं झाडें स्पेनच्या आंतल्या थंड पठारांस मानवतात. समुद्रकांठच्या उबदार हिवाळ्यांत मात्र थंडीचे तास पुरे न भरल्यास त्याच कळ्या अर्धवट जाग्या होतात, कांहीं गळतात, व फुलोरा विरळ येतो. हिवाळे सौम्य होत चालल्यामुळें तेथील बागायतदारास कलमें मागविण्यापूर्वीं आपल्या गांवीं थंडीचे तास किती भरतात, हें प्रथम मोजावें लागतें.