टोचून घ्यावयाचे औषध आणि घरचा दिनक्रम

पुष्कळशा रोगांत औषधाचा गुण लगेच दिसतो. ताप उतरतो, खोकला थांबतो आणि रोग्याचा विश्वास आपोआप वाढतो. परंतु ज्या औषधाने आज काहीच बरे वाटत नाही, उलट रात्री अंगात कसकस भरते, ते वर्षानुवर्षे स्वतःच्या हाताने टोचून घ्यावयाचे असेल तर? मल्टिपल स्क्लेरोसिस या विकारात रोग्यापुढे नेमका हाच प्रश्न उभा राहतो.

या विकारात शरीराची संरक्षक यंत्रणाच मेंदू व मज्जारज्जू यांतील तंतूंच्या आवरणावर हल्ला करते. विजेच्या तारेचे वेष्टन जागोजाग खरवडले जावे, तसा हा प्रकार होय. मग कधी एका डोळ्याची दृष्टी मंदावते, कधी पाय जड होतात, कधी तोल जातो. फ्रेंच वैद्य शार्को यांनी १८६८ मध्ये त्याचे सुस्पष्ट वर्णन केले. बहुधा २० ते ४० या वयात, म्हणजे शिक्षण, नोकरी आणि संसार यांच्या ऐन उंबरठ्यावर तो प्रकट होतो. भारतात तो तसा विरळ; मात्र पारशी समाजात अधिक आढळतो, हे डॉ. नोशीर वाडिया व त्यांच्या सहकाऱ्याने १९९० मध्ये दाखवून दिले. डहाणूच्या चिकूवाड्यांत पारशी-इराणी कुटुंबे पिढ्यानपिढ्या राहत आली आहेत. तेव्हा हा विषय आपल्यापासून फार दूरचा नव्हे.

१९९३ मध्ये अमेरिकेत इंटरफेरॉन बीटा या औषधाला मान्यता मिळाली. १९९६ मध्ये ग्लॅटिरामर आले. इंटरफेरॉनचा एक प्रकार दिवसाआड त्वचेखाली, तर दुसरा आठवड्यातून एकदा स्नायूत टोचतात. ग्लॅटिरामर रोज अथवा आठवड्यातून तीनदा घेतात. आता गोळ्या व महिन्यातून एकदा टोचावयाची औषधेही निघाली आहेत. यांपैकी कोणतेही औषध झालेली हानी भरून काढीत नाही. पुढचे झटके कमी करणे हे त्यांचे काम. म्हणूनच "आज बरे आहे, मग सुई कशाला?" हा विचार घातक ठरतो.

यावर उपाय म्हणजे सुईला घरच्या रीतीत बसविणे. देवापाशी दिवा लावण्याची वेळ चुकत नाही, तशी हिची वेळ ठरवावी. इंटरफेरॉननंतर कसकस येते. म्हणून ते रात्री निजण्यापूर्वी घेणे सोयीचे, आणि डॉक्टरांच्या सल्ल्याने पॅरासिटामॉल जवळ असावे. मांडी, पोट, दंड अशी जागा दर वेळी बदलावी व कॅलेंडरवर खूण करावी. औषध अर्धा तास आधी फ्रिजबाहेर काढल्यास झोंबणे कमी होते. वापरलेल्या सुया जाड, झाकणाच्या डब्यात साठवाव्यात. कचऱ्यात मुळीच टाकू नयेत.

आपल्या भागात खरी कसोटी थंडाव्याची आहे. ही औषधे बहुधा २ ते ८ अंश सेल्सिअसमध्ये ठेवावी लागतात. पण गोठली तर निकामी होतात. तेव्हा बर्फाला थेट चिकटवून ती नेऊ नयेत. मध्ये फडके असावे. वीज गेली तर फ्रिज वारंवार उघडू नये. नोव्हेंबर २०१८ पासून डहाणू-तलासरीला भूकंपाचे धक्के बसू लागले, तेव्हा अनेक कुटुंबांनी रात्री घराबाहेर काढल्या. अशा रात्रीसाठी औषधाची थंड पेटी कोठे आहे, हे घरातल्या प्रत्येकास ठाऊक हवे. डहाणूहून चर्चगेट सुमारे सव्वाशे किलोमीटर. तपासणीसाठी मुंबईस जाताना तीच पेटी उपयोगी पडते.

उन्हाळ्याचीही एक गोष्ट. अंग तापले की जुनी लक्षणे तात्पुरती उफाळतात, हे जर्मन डॉक्टर उथॉफ यांनी १८९० मध्ये नोंदविले. सावलीत, पंख्याखाली ती ओसरतात. औषध व्यर्थ गेले असे समजू नये. मात्र नवे लक्षण २४ तासांहून अधिक टिकले, तर डॉक्टरांना गाठावे.

२०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात या विकाराचा समावेश आहे. परंतु कायद्याइतकाच आधार सोबत्यांनी द्यावयाचा असतो. वर्गातील एखादी मैत्रीण सहलीला निघताना छोटी थंड पेटी बरोबर घेईल, तर "हे काय?" म्हणून हसू नये, पेटी सावलीत ठेवावी. तिची उद्याची पावले त्या पेटीत आहेत.