भाड्याच्या उत्पन्नासाठी घर घेताना : पालघर व बोईसर-तारापूर परिसर

तारापूर अणुविद्युत केंद्र १९६९ मध्ये कार्यान्वित झाले. पुढे महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाची वसाहत विस्तारली आणि बोईसर परिसरात भाड्याच्या खोल्यांची मागणी सुरू झाली, ती आजतागायत ओसरलेली नाही. २०१३ मध्ये उपनगरी गाड्या डहाणूपर्यंत धावू लागल्या. १ ऑगस्ट २०१४ रोजी पालघर जिल्हा अस्तित्वात आला. ३० ऑगस्ट २०२४ रोजी वाढवण बंदराची पायाभरणी झाली. अशा प्रत्येक घटनेबरोबर रस्त्याकडेचे जाहिरात-फलक वाढले आणि सेवानिवृत्तीची रक्कम हाती आलेला शिक्षक किंवा कर्मचारी आयुष्यात प्रथमच या व्यवहारात पडू लागला. अशा नवख्या खरेदीदाराने कोणत्या गोष्टी पडताळाव्यात आणि गावपातळीवर त्याला सल्ला देणाऱ्यांनी काय सांगावे, याचा येथे विचार केला आहे.

जमीन कोणाची?

जिल्ह्याचा मोठा भाग राज्यघटनेच्या पाचव्या अनुसूचीखालील अनुसूचित क्षेत्रात मोडतो. पालघर तालुक्यातील अनेक गावेही त्यात येतात. म्हणून या भागात घराआधी जमीन पाहिली पाहिजे. महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम, १९६६ मधील कलम ३६ व ३६-अ अन्वये आदिवासी खातेदाराची जमीन बिगर-आदिवासी व्यक्तीस विक्री, बक्षीस, गहाण वा पट्ट्याने देण्यास पूर्वमंजुरी लागते. विक्रीच्या बाबतीत जिल्हाधिकारी राज्य शासनाच्या पूर्वमान्यतेशिवाय अशी मंजुरी देऊ शकत नाहीत. मंजुरीविना झालेला व्यवहार टिकत नाही. जमीन मूळ आदिवासीकडे परत देण्याची कारवाई होऊ शकते.

मात्र प्रत्यक्षात कायद्याला वळसा घालणारे कागद सर्रास पुढे केले जातात. कोणी नोटरीसमोर केलेला साठेकरार दाखवतो, कोणी कुलमुखत्यारपत्र, तर कोणी गावातल्याच एखाद्या आदिवासीच्या नावे जमीन घेऊन "व्यवहार आपलाच" असे सांगतो. यांतील एकाही कागदाने मालकी मिळत नाही. अशा व्यवहारात खरेदीदाराचे पैसे बुडतात आणि जमिनीचा धनी आपल्याच शेताच्या बांधावर परका होतो. हे दुसरे नुकसान अधिक खोल आहे. पंचायत (अनुसूचित क्षेत्रांवर विस्तार) अधिनियम, १९९६ अन्वये जमीन हस्तांतरणास प्रतिबंध करण्याच्या अधिकारांत ग्रामसभेलाही स्थान दिलेले आहे. संशयास्पद व्यवहार कानी येताच तो ग्रामसभेपुढे आणणे व तहसीलदारांना कळविणे पंचायत सदस्यांना सहज शक्य आहे.

सात-बारा उताऱ्यावरील भोगवटादाराचा वर्ग आणि 'इतर हक्क' हा रकाना बारकाईने वाचावा. वर्ग दोन असल्यास हस्तांतरणावर निर्बंध असतात. कुळ, बोजा किंवा आदिवासी खातेदार असल्याची नोंद आढळल्यास मागील फेरफार काढून पाहावेत. ग्रामपंचायतीची घरपट्टी भरल्याची पावती पुष्कळांना मालकीचा पुरावा वाटते. ती केवळ कर भरल्याचा पुरावा आहे. तिने मालकीही सिद्ध होत नाही व बांधकामही अधिकृत ठरत नाही. हा गैरसमज दूर करण्यास ग्रामसेवकाइतका योग्य माणूस दुसरा नाही.

सदनिका घ्यावयाची असल्यास प्रकल्प महारेरा प्राधिकरणाकडे नोंदविलेला आहे किंवा कसे, हे प्राधिकरणाच्या संकेतस्थळावर पाहता येते. २०१६ च्या केंद्रीय अधिनियमाप्रमाणे करार नोंदविण्यापूर्वी विकासकास किमतीच्या दहा टक्क्यांहून अधिक रक्कम स्वीकारता येत नाही. "आज पैसे भरा, करार पुढच्या महिन्यात" असे सांगणाऱ्याला ही तरतूद ऐकवावी.

भाड्याचा हिशेब

समजा, सदनिकेची किंमत २५ लाख रुपये असून मुद्रांक शुल्क, नोंदणी इत्यादींसाठी पावणेदोन लाख लागले. भाडे दरमहा ६,५०० रुपये धरल्यास वर्षाचे ७८,००० होतात. एक महिना घर रिकामे राहिले (६,५००), सोसायटीची वर्गणी १२,०००, घरपट्टी ३,००० व दुरुस्ती ५,००० गेली, तर हाती ५१,५०० रुपये उरतात. म्हणजे गुंतविलेल्या रकमेवर शेकडा दोन रुपयांहूनही थोडे कमी. याउलट २० लाखांचे कर्ज साडेआठ टक्के व्याजाने वीस वर्षांसाठी घेतल्यास हप्ताच दरमहा सुमारे १७,३५० रुपये येतो. भाड्यातून हप्ता फिटेल, हा दलालाचा हिशेब येथे कोसळतो. किंमत वाढेल या भरवशावर उरलेला भार उचलावयाचा असेल, तर आपला पगार किंवा निवृत्तिवेतन तो पेलेल काय, हे आधीच ठरवावे. हे आकडे उदाहरणादाखल आहेत. प्रत्येकाने आपल्या गावच्या दराने ते मांडून पाहावेत.

बोईसरचा भाडेकरू प्रामुख्याने कारखान्यावर अवलंबून असतो. कंत्राट संपले की खोली रिकामी होते. स्थानक व वसाहत यांपासून पायी किंवा रिक्षाने जाण्याजोगे घर लवकर लागते. फलकावर 'बंदरापासून जवळ' असे लिहिलेले घर बंदर उभे राहीपर्यंत रिकामे राहू शकते. पाण्याची चौकशी दोनदा करावी. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २०१८ च्या निर्देशांकात तारापूर औद्योगिक क्षेत्र देशात सर्वाधिक प्रदूषित ठरले होते. तेव्हा इमारत कूपनलिकेवर अवलंबून असल्यास पाण्याची तपासणी करून घेणे अगत्याचे आहे. डहाणू-तलासरी भागात नोव्हेंबर २०१८ पासून भूकंपाचे धक्के जाणवू लागले. त्या बाजूला घर घेणाऱ्याने बांधकामाचा दर्जा अभियंत्याकडून तपासून घ्यावा.

शासकीय कर्मचाऱ्याला आणखी एक पायरी आहे. महाराष्ट्र नागरी सेवा (वर्तणूक) नियम, १९७९ नुसार स्थावर मालमत्तेच्या खरेदी-विक्रीची माहिती सक्षम प्राधिकाऱ्यास आगाऊ देणे आवश्यक असते.

भाडेकरार

महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ च्या कलम ५५ अन्वये भाड्याचा किंवा परवान्याचा करार लेखी व नोंदणीकृत असला पाहिजे आणि नोंदणीची जबाबदारी घरमालकावर आहे. नोंदणी न केल्यास तीन महिन्यांपर्यंत कारावास किंवा पाच हजार रुपयांपर्यंत दंड अथवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. वाद उद्भवल्यास अटींबाबत भाडेकरूचे म्हणणे ग्राह्य धरले जाते. नोंदणीकृत परवाना करार असेल तर मुदत संपल्यावर सक्षम प्राधिकाऱ्याकडे ताब्यासाठी अर्ज करता येतो आणि घर न सोडणाऱ्याकडून दुप्पट दराने भरपाई मागता येते. नोंदणी आता घरबसल्या संगणकावरही होते. करारात अनामत रकमेचा आकडा आणि ती परत करण्याची मुदत लिहावी, आणि ताबा देण्याच्या दिवशी विजेच्या मीटरवरील आकडा उभयतांच्या सहीने टिपून ठेवावा.