आंतड्यांतील टाळकरी

छातीवर हात ठेविला कीं हृदयाचा ठोका हातास लागतो. पोटांतही असाच एक ताल अहोरात्र चालतो, तो मात्र कोणास जाणवत नाहीं. जठराच्या भिंतींत मिनिटास सुमारें ३ वेळां विजेची मंद लहर उठते. लहान आंतड्याच्या आरंभीं सुमारें १२ वेळां. स्नायु आकुंचन पावून अन्न घुसळतात व पुढें ढकलतात, तें या लहरींच्या तालावर. लहरी उठविणाऱ्या पेशी निराळ्या आहेत. भजनांत टाळकरी ताल धरतो आणि इतर गातात, तसाच हा प्रकार.

या पेशी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस स्पेन देशांतील सांतियागो रामोन ई काहाल यांनीं पाहिल्या. त्यांना लहानपणीं चित्रकार व्हावयाचें होतें. वडिलांनीं वैद्यकाकडे वळविलें. तरी हात वायां गेला नाहीं. सूक्ष्मदर्शकाखालीं दिसे तें ते स्वतः रेखाटीत. (चित्रकलेचा तास बुडविणाऱ्यांनीं हें ध्यानांत घ्यावें!) आंतड्याच्या स्नायूंत, मज्जातंतूंच्या लगत पसरलेल्या या फांदीदार पेशी त्यांनीं हुबेहूब काढिल्या, पण त्यांस एक प्रकारच्या प्राथमिक मज्जापेशीच समजले. १९०६ सालीं नोबेल पारितोषिक मिळविणाऱ्या पुरुषाचें चित्र अचूक, अर्थ मात्र चुकलेला! त्या मज्जापेशी नव्हत. पुढें १९९५ सालीं असें दिसून आलें कीं, जन्मजात दोषामुळें ज्या उंदरांच्या लहान आंतड्यांत या पेशी जवळजवळ नसतात, त्यांच्या त्या आंतड्यांत मंद लहरीही उठत नाहींत. आज त्यांस काहाल यांचेंच नांव आहे.

पालकांसही यांत जाणण्याजोगें आहे. आमच्या मातोश्रींस बहुत वर्षांचा मधुमेह. चार घांस घेतांच त्या ताट सारीत, म्हणत, "पोट भरलें." सुनेच्या हातचें रुचत नाहीं, असें समजून आम्हीं त्यांस दोन शब्द अधिक बोललों. पुढें डॉक्टरांनीं तपासून सांगितलें, जठर फार सावकाश रिकामें होतें. सकाळचें अन्न दुपारपर्यंत तसेंच राहतें. जुन्या मधुमेहांत असें होणाऱ्या कित्येकांच्या जठरांत काहालांच्या पेशी घटलेल्या आढळतात. टाळकरीच उठून गेल्यावर गाणाऱ्यांनीं काय करावें?

आतां मातोश्री थोडें थोडें, मऊ, बेताच्या तुपाचें अन्न दिवसांतून पांच-सहा वेळां घेतात. ताट सारल्यास कोणी बोलत नाहीं.